दीडच्या आत

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही. आईला तर नाहीच — तिला सांगितलं असतं तर आधी तिनं मला देवापुढं नाक घासायला लावलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या उदगीरला कळलं असतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? सांगायला बसल्यापासून दोनदा उठले मी. एकदा गॅस बंद आहे का ते बघून आले, एकदा दाराची कडी. गॅस बंदच होता. कडीही लावलेलीच होती.

मी लातूरला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. प्रॅक्टिकल बहुतेक माझ्याकडेच असतात. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवते — एकच माप तीन वेळा घ्या, तिन्ही आकडे एक्सेलमध्ये भरा, सरासरी काढा, आणि ग्राफवर त्या सरासरीच्या ठिपक्याला खाली-वर एक छोटी उभी रेघ लावा. तिला एरर बार म्हणतात. ती रेघ सांगते की माझा आकडा इतका इकडे किंवा इतका तिकडे असू शकतो. रेघ लांब आली की पोरांचे चेहरे पडतात. त्यांना वाटतं मार्क जातील. मी सांगते, लांब असू दे, खरी असू दे. हे वाक्य मी दरवर्षी म्हणते, आणि दरवर्षी ते म्हणताना मी फळ्याकडं वळून खोकते. पोरं समजतात मॅडमना खडूची ॲलर्जी आहे.

मी तशी पहिल्यापासून भित्री. पालीला भीत नाही, अंधाराला भीत नाही, एकटीनं प्रवास करायला तर मुळीच भीत नाही. मला भीती वाटते चूक सापडण्याची. शाळेत असताना वहीत खाडाखोड दिसू नये म्हणून मी खोडरबर इतकं घासायची की कागदाला भोक पडायचं. मग ते भोक दिसू नये म्हणून पानच फाडायचं. मग ते फाडलेलं पान सापडू नये म्हणून — असो. मला काय म्हणायचंय ते तुमच्या लक्षात आलं असेल. मूळ चूक एवढीशी असते हो.

नऊ वर्षांपूर्वी मी नांदेडकडच्या एका तालुक्याच्या गावी पाणी तपासायच्या लॅबमध्ये होते. गावाचं नाव सांगत नाही. लॅब म्हणजे दोन खोल्या, एक बेसिन, एक फ्रिज, एक कॉम्प्युटर आणि एक मीटर. आजूबाजूच्या खेड्यांतून बोअरचं, विहिरीचं पाणी बाटल्यांतून यायचं. आम्ही दिलेल्या बाटल्यांतून यावं असा नियम होता, पण थंड्याच्या बाटलीतून यायचं, तेलाच्या डब्यातून यायचं, एकदा तर दुधाच्या किटलीतून आलं. मी त्यातलं फ्लोराइड मोजायची. बोअर जितकं खोल जातं तितकं आमच्या भागात हे जास्त निघतं. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या आत असेल तर पाणी पिण्यास योग्य. दीडच्या वर गेलं तर हापशाला लाल रंग. वर्षानुवर्षं तसलं पाणी पोटात गेलं की लहान पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि ते कशानं जात नाहीत. पुढं हाडं धरतात. हे मी तेव्हा तोंडपाठ म्हणून दाखवू शकत होते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

लॅबचे मुख्य होते बिराजदार सर. कपाळावर रोज ताजी विभूती, खिशात दोन पेनं, आणि आवाज कधी चढलेला नाही. तीन रीडिंगचा नियम त्यांचाच. बाकी लॅबांतून एकदा मोजून मोकळे व्हायचे, आमच्याकडं प्रत्येक बाटली तीनदा. तेही मीटरच्या कांड्या प्रत्येक वेळी धुऊन, पुसून, पाणी नव्यानं घेऊन. वर आठवड्याच्या शेवटी सगळ्या गावांचा एक ग्राफ — प्रत्येक गावाचा ठिपका, त्याला एरर बार, आणि आडवी एक लाल रेषा, दीडची. "एकदा मोजलं म्हणजे मोजलंच न्हाई असं समज," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मला ते फार आवडलं होतं. मी डायरीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं, तारीख घालून.

मग मे महिना आला. पावसाळ्याआधी सगळ्या गावांची तपासणी उरकायची असते, त्यामुळं बाटल्यांचे ढीग. खोलीत पंखा गरम हवा फिरवायचा, लाइट जायची-यायची, आणि मीटरचा आकडा काही केल्या स्थिर होईना. एक रीडिंग बसायला चार-पाच मिनिटं. तुम्हीच हिशेब करा, चाळीस बाटल्या, प्रत्येकी तीनदा. बाकीची पोरं घरी निघाली तरी मी तिथंच. पण थांबा, हे मी तुमच्या मनात कणव यावी म्हणून सांगते आहे असं मला आत्ता लिहिताना वाटायला लागलं. तसं नको. बिराजदार सर तोच मे महिना वीस वर्षं करत आले होते.

तर एका दिवशी मी एका बाटलीचं एकच रीडिंग घेतलं आणि उरलेली दोन मनानं भरली. पहिलं एक पूर्णांक बारा आलं, मग दुसरं एक-चौदा लिहिलं, तिसरं एक-दहा. काही झालं नाही. छत कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच बाटल्यांचं तसं केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक वेळी दोननं वाढवते आणि दोननं कमी करते — सगळ्या रेघा सारख्याच उंचीच्या येतात. सर बघतील ना! मग मी काय केलं माहिती आहे? एक्सेलमध्ये एक फॉर्म्युला असतो. दोन आकडे दिले की त्यांच्यामधला कुठलाही एक आकडा तो आपला आपण काढून देतो, सोडतीची चिठ्ठी काढावी तसा. मी तो लावला. पहिल्या रीडिंगच्या आठ शतांश वर, आठ शतांश खाली, यामधलं काहीही. खरं रीडिंग एका रकान्यात भरायचं की शेजारच्या दोन रकान्यांत दोन रीडिंगं तयार. प्रत्येक गावाची रेघ वेगळी, काही लांब, काही आखूड. अगदी खऱ्यासारखी.

पहिल्यांदा ते केलं तेव्हा मी घाबरून खुर्चीवरून उठलेच होते. कारण त्या फॉर्म्युल्याची एक खोड आहे — शीटवर कुठंही काहीही टाइप केलं, की ते आकडे बदलतात. फाइल बंद करून उघडली तरी बदलतात. मी गावाचं नाव दुरुस्त केलं आणि डोळ्यांदेखत सगळ्या गावांची रीडिंगं सळसळ हलली, ग्राफवरच्या रेघा खालीवर झाल्या. सर मागं उभे असते तर? मग शोधून काढलं की आकडे कॉपी करून नुसते आकडे म्हणून परत चिकटवले की फॉर्म्युला निघून जातो आणि आकडे गोठतात. प्रत्येक बाटली झाली की तेवढं करायचं. त्याला मी मनातल्या मनात कडी लावणं म्हणायची.

तीन आठवडे हे चाललं. आणि वाईट काय सांगू, सर खूश होते. "हात लई स्थिर हाय तुझा," म्हणाले. दुसऱ्या तालुक्याहून शिकायला आलेल्या दोघांना त्यांनी माझा ग्राफ दाखवला. मी खाली मान घालून उभी राहिले, त्यांना वाटलं लाजले. माझी चूक किती आहे हे दाखवणारी ती रेघ, ती चूकच मी यंत्राकडून बनवून घेत होते. आणि माझी खरी चूक किती होती? आठ शतांश? ऐंशी? मला कळायला काही मार्गच राहिला नव्हता. मी दुसऱ्यांदा मोजतच नव्हते.

आता गंगाधरमामा.

ते एका खेड्याचे जलसुरक्षक होते — म्हणजे ग्रामपंचायतीतर्फे गावाचं पाणी सोडणं, टाकीत औषध टाकणं, नमुना घेऊन लॅबला पोचवणं, ही कामं करणारा माणूस. चाळिशीच्या आतबाहेरचे, बारीक, पायात रबरी चपला. बाकीचे जलसुरक्षक पाच-सहा गावांच्या बाटल्या एकाच्याच हाती पाठवायचे. मामा एक बाटली घेऊन एसटीनं स्वतः आले. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली, का, तर वाटेत तापू नये. फ्लोराइडला त्यानं काही होत नाही. पण मला अजून ते फडकं आठवतं.

"ताई, शाळंमागच्या बोअरचं हाय," ते म्हणाले. "पोरांचे दात लई पिवळे पडून राहिलेत. मी बायांना सांगितलं, हे नका पिऊ, ओढ्यापल्याडच्या हिरीचं आना. आनून राहिल्या, पर मला शिव्या बी घालून राहिल्या. जरा नीट बगा. तुमच्या कागदावर हाय सगळं."

नीट बघा. हे मला वेगळं सांगायची खरंच गरज आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, हो मामा, बघते.

त्या बाटलीचा नंबर लागला दुपारी चारला. मीटर सकाळी एकदा ठरलेल्या द्रावणावर तपासून घेतला होता. उन्हानं तो हलतो, दुपारी पुन्हा तपासायला हवा, हे मला माहीत होतं. तपासला नव्हता. रीडिंग आलं एक पूर्णांक चोपन्न.

रकान्यात भरलं. शेजारचे दोन आकडे आपोआप आले, सरासरी झाली एक-पंचावन्न. दीडच्या वर.

इथंच थांबता आलं असतं, नाही का? पाणी दीडच्या वर आहे, लिहून मोकळी. लाल रंग. मामा बरोबर ठरले असते. मग का नाही लिहिलं? तुम्हाला वाटेल कुणी दबाव आणला असेल, सरपंचाचा फोन आला असेल. कुणाचा फोन आला नाही. कारण इतकं क्षुल्लक होतं की सांगायची लाज वाटते — दीडच्या वरची प्रत्येक बाटली बिराजदार सर स्वतः पुन्हा मोजायचे. त्याच बाटलीतून, तीनदा. आणि त्यांचे तीन आकडे माझ्या तीन आकड्यांशेजारी लिहायचे. माझं चोपन्न त्यांच्याकडं दोन-वीस निघालं तर? किंवा एक-दहा? मग सर विचारतील, तीनदा घेतलंस तर तिन्ही वेळा एवढं चुकलं कसं? मग मागचे तीन आठवडे उघडतील. तीन आठवड्यांत दीडच्या वर गेलेल्या चारच बाटल्या होत्या, आणि त्या चार मी मुकाट्यानं खरोखर तीनदा मोजल्या होत्या. म्हणजे मोजता येत होतं मला. त्या दिवशी मात्र अंगात त्राण नव्हतं, अठरा बाटल्या उरल्या होत्या, आणि — नाही. त्राण नव्हतं हे खरं नाही. मीटर हलला असेल तर सकाळपासूनची सगळी रीडिंगं चुकली असणार, हे मला आतून कळलं होतं, आणि मला ते बघायचं नव्हतं.

कीबोर्डवर वरच्या ओळीत एफ-नाइन नावाचं बटण असतं. ते दाबलं की शीट पुन्हा गणित करतं. म्हणजे त्या दोन रकान्यांत नवी चिठ्ठी निघते.

मी ते दाबलं. एक-त्रेपन्न. पुन्हा दाबलं. एक-छप्पन्न. एक-बावन्न. एक-चोपन्न. मी मोजत होते, कशासाठी कोण जाणे. ग्राफवर त्या एका गावाचा ठिपका लाल रेषेच्या वर थरथरत होता. बाकीच्या गावांची रीडिंगं आधीच गोठवलेली, ती गप्प. हेच एक गाव हलत होतं. तेविसाव्या वेळी एक-सेहेचाळीस आणि एक-अठ्ठेचाळीस असे दोन आकडे पडले, माझं चोपन्न धरून सरासरी एक-एकोणपन्नास. दीडच्या आत.

मी बटणावरून हात काढला. आणि लगेच अहवाल आणि ग्राफ दोन्ही छापले, आकडे बदलायच्या आत.

सरांकडं ग्राफ गेला. त्यांनी चष्मा वर केला आणि बोट ठेवलं थेट त्याच ठिपक्यावर. ठिपका रेषेखाली होता, पण त्याची रेघ रेषा ओलांडून वर गेली होती. "हे खाली हाय का वर, सांगता येत न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तिन्ही वेळा तूच घेतलंस न्हवं?"

"हो सर."

एवढंच म्हटलं मी. आवाजही कापला नाही माझा. मला वाटलं होतं कापेल.

"मग बाटलीत उरलेल्यातून अजून एकदा घे. मी हे कागद हातावेगळे करून येतोच."

मी आत गेले. बाटली टेबलावर होती, अर्धी भरलेली, खाली ओलं फडकं. मी ती उचलली आणि बेसिनमध्ये ओतली. नळ सोडला. बाहेर येऊन सांगितलं की सर, झाकण सैल होतं, सांडलं सगळं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाले, दुसरं मागव. मी म्हटलं, सर, तो माणूस परत एसटीनं येणार, आणि सरासरी दीडच्या आतच आहे. टेबलावर त्यांच्यासमोर तीस-पस्तीस कागद होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं — संशयानं नाही हो, तेच तर — आणि सही केली. पावसाळ्यानंतर पुन्हा बघू म्हणाले. पावसाळ्यानंतर मी तिथं नव्हते. मला लातूरची नोकरी लागली होती. त्यांनी बघितलं का, कुणी बघितलं का, मी कधी विचारलं नाही. फोन होता, नंबर होता. विचारलं नाही.

मामा चार दिवसांनी कागद न्यायला आले. मला वाटलं खूश होतील. त्यांनी "पिण्यास योग्य" हे शब्द बोटानं दोनदा वाचले आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे माझाच वहीम होता म्हनायचं," ते म्हणाले. "बरं झालं. बायांची पायपीट वाचली."

आणि कागदाची घडी घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, वरून हात फिरवला.

त्यानंतरची नऊ वर्षं मी कशात काढली ते सांगते. त्या आठवड्याची फाइल मी गडबडीत वर जिल्ह्याला ई-मेलनं पाठवली, आणि पाठवल्यावर आठवलं की त्या एका ओळीला कडी लावायची राहिली. त्या ओळीत फॉर्म्युला तसाच आहे. म्हणजे छापलेल्या कागदावर एक-एकोणपन्नास, आणि फाइल कुणीही, कधीही उघडली की दुसरंच काही. दोन्ही शेजारी ठेवून कुणी बघितलं तर? अनोळखी नंबरावरून फोन आला की मी तो उचलायची नाही. अजून उचलत नाही. पोस्टमननं लांबडा लिफाफा आणला की मी नवऱ्याला सही करायला लावते. उदगीरला एका लग्नात बिराजदार सर दिसले — निवृत्त झालेले, केस पांढरे, विभूती तशीच — तर मी जेवणाची पंगत सोडून वधूच्या खोलीत जाऊन बसले आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. वधूच्या मावशीनं माझ्या कपाळाला बाम चोळला. मी चोळून घेतला.

ती फाइल माझ्या मेलमध्ये अजून आहे. वर्षातून एकदा मी ती उघडते. का उघडते? माहीत नाही. उघडली की त्या गावाचा ठिपका एकदा उडी मारतो आणि थांबतो. एक-पंचावन्न. एक-बावन्न. एक-सत्तावन्न. एक-एकोणपन्नास पुन्हा कधी आलं नाही.

आता यंदाचं सांगते. हे सांगण्यासाठीच बसले होते, आणि बघा किती लांबवलं.

जूनमध्ये पहिल्या वर्षाला रेणुका नावाची मुलगी आली. नांदेडकडून लातूरला शिकायला येणाऱ्या मुली पुष्कळ असतात, त्यातलीच एक, हॉस्टेलवर राहणारी. हजेरी घेताना "येस मॅडम" म्हणतानाही तिनं तोंडावर हात धरला. मला वाटलं सवय असेल. फॉर्मवर गावाचं नाव वाचलं तेव्हा माझं पेन थांबलं. मी विचारलं, वडील काय करतात?

"पाणी सोडतात मॅडम, गावात," ती हाताआडून म्हणाली.

ती हसली तेव्हा हात जरा सरकला. पुढच्या चार दातांवर आडवे तपकिरी पट्टे.

मी घरी जाऊन हिशेब केला. दात तयार होतात ते सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. माझा कागद गेला तेव्हा ती नऊ-दहाची होती. म्हणजे तिचे दात माझ्यामुळं नाहीत. हा हिशेब मी किती वेळा केला असेन! प्रत्येक वेळी बरोबर येतो. पण तिच्या मोबाइलवर तिच्या धाकट्या बहिणीचा फोटो आहे. लक्ष्मी. आठ वर्षांची. माझा कागद गावात पोचला त्याच्या पुढच्या वर्षी जन्मलेली. फोटोत ती ओठ घट्ट मिटून हसते आहे. तिच्या आईनं बोअरचं पाणी परत सुरू केलं ते माझ्या कागदावर. तिचं पहिलं पाणी, वरणाचं पाणी, शाळेच्या बाटलीतलं पाणी, सगळं तिथलं. हा हिशेब मी एकदाच केला.

प्रोजेक्टसाठी रेणुकानं विषय आणला — आमच्या गावच्या बोअरमधलं फ्लोराइड. मी म्हटलं, दुसरं काहीतरी घे. लातूरच्या टँकरचं पाणी घे, ते सोपं पडेल. ती म्हणाली, न्हाई मॅडम, आबांची लई इच्छा हाय. मी म्हटलं, मीटर बिघडलाय. तिनं आठवडाभर वाट पाहिली, मग शेजारच्या सरांना विचारलं, आणि त्यांनी मीटर सुरू करून दिला. इतक्या थराला मी गेले होते, बघा.

दिवाळीच्या सुट्टीहून येताना ती बाटली घेऊन आली. मी शिकवलं तसं तिनं सगळं केलं. ठरलेल्या द्रावणावर मीटर तपासला, प्रत्येक रीडिंगआधी पुन्हा तपासला, कांडी धुतली, पुसली, पाणी नव्यानं घेतलं. दोन पूर्णांक अकरा. दोन-चौदा. दोन-नऊ. एक्सेलमध्ये भरलं, ग्राफ काढला. तिची रेघ इतकी आखूड होती की ठिपक्यात लपत होती. आणि दीडची लाल रेषा खाली, कुठल्या कुठं खाली.

"मॅडम, हे बरोबर हाय का?"

मी म्हटलं, पुन्हा घे. द्रावण नवं बनवून घे. तिनं निमूटपणे घेतलं. दोन-दहा, दोन-तेरा, दोन-बारा.

तिनं स्क्रीनचा फोटो काढून आबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. ती बाहेर जाऊन बोलली आणि परत आली. हे मागच्या गुरुवारी. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो.

"आबा इचारून राहिले मॅडम," ती म्हणाली. "मागं एकदा तपासलं तवा पास झालतं म्हने. लॅबमधल्या ताईनं नीट बगून दिलतं. मंग हे असं कसं? त्यांना काय सांगू?"

तिला माहीत नाही ती ताई कोण. तिच्या आबांना माहीत नाही. बाटली मी ओतली होती, त्यामुळं त्या दिवशी त्या पाण्यात काय होतं हे जगात कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. मला माहीत नाही — एवढं तरी म्हणता आलं असतं. एवढंच तीन शब्दांचं. ती माझ्याकडं बघत होती, हातात पेन, तोंडावर हात न धरता, विसरून गेली होती धरायचा.

मी म्हटलं, "पाणी बदलतं गं. नऊ वर्षांत बोअरचं पाणी बदलतं."

तिनं मान हलवली. जर्नलमध्ये "निष्कर्ष" लिहिलं होतं त्याखाली तिनं सुवाच्य अक्षरात ते वाक्य लिहिलं, आणि वही माझ्यापुढं सरकवली. मी सही केली.